पुरली नाही

"आयला, ही खुर्ची आहे का पाट?"

हे मी पाठमोरी असताना ऐकलं. मिसिसागातल्या आमच्या लायब्ररीच्या बेसमेंटमध्ये एक मीटिंग रूम होती. तिथे मी वाकून चहाच्या केटलची वायर सॉकेटपर्यंत पोचते का ते बघत होते. आवाज हळू होता, स्वतःशीच पुटपुटल्यासारखा. मी वळून बघितलं तर मराठी वाटेल असं एकही माणूस खोलीत नव्हतं. टेबलाभोवती शहरातले नामवंत चिनी बसले होते. त्यांतले साठीला टेकलेले एक गृहस्थ मुलांच्या विभागातून आणलेल्या बुटक्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, गुडघे हनुवटीपाशी घेऊन, अगदी गंभीर चेहऱ्याने बसले होते.

मला हसू आलं. केटलकडे तोंड करून मी ते दाबलं, पण त्यांनी पाहिलं होतं.

मीटिंग संपल्यावर ते माझ्याजवळ आले.

"मराठी?"

मी मान हलवली.

"मग तोंडाने सांग ना. मान काय, म्हैस पण हलवते."

"हो. मराठी."

"कुठली?"

"ठाण्याची."

"मी माझगावचा," ते म्हणाले. मी काहीतरी बोलावं म्हणून ते थांबले, आणि मी बोलत नाही हे बघून त्यांनीच पुढे सुरू केलं. "आणि अंकल म्हणू नको हां. काका म्हण. अंकल म्हटलं की मला वाटतं बसमध्ये कोणीतरी सीट मागतंय."

ही २००९च्या हिवाळ्यातली गोष्ट. युनिव्हर्सिटी संपवून मी लायब्ररीत काही महिन्यांच्या कंत्राटावर लागले होते. शहरातल्या चिनी वंशाच्या नामवंतांचं एक प्रदर्शन भरवायचं होतं: प्रत्येकाचा मोठा फोटो आणि खाली आयुष्याची थोडक्यात हकीकत. माणसांकडे जायचं, त्यांचं बोलणं रेकॉर्ड करायचं आणि तो मजकूर लिहायचा, हे माझं काम. मला हे काम का दिलं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. इंटरव्ह्यू घेणाऱ्याने प्रश्न विचारायचे असतात, आणि मी अशी मुलगी होते की दुकानात वस्तू सापडली नाही तर न विचारता घरी परत यायची.

चिनी म्हणजे चीनहून आलेला, एवढीच तोवर माझी समजूत होती. त्या यादीतल्या निवृत्त न्यायाधीश बाई त्रिनिदादच्या होत्या आणि त्यांच्या घरी डाळपुरी व्हायची. एक शास्त्रज्ञ मलेशियाचे होते. स्केटिंगच्या कोच बाईंच्या चार पिढ्या कॅनडातच झाल्या होत्या. त्यांना चिनी भाषेतलं अक्षरही येत नव्हतं आणि ते त्या पहिल्याच वाक्यात सांगून टाकत, पुढच्याने विचारायच्या आत. हाँगकाँगच्या एक गायिका होत्या, जुन्या चिनी संगीत नाटकातल्या. आणि काका. ते हिंदुस्थानातले, हक्का बोली बोलणारे चिनी. त्यांचा व्यवसाय कवळ्या बनवण्याचा. शहरातले अर्धे चिनी म्हातारे त्यांनी बनवलेल्या दातांनी जेवत, असं सगळे म्हणत. पण ते नामवंत होते ते दुसऱ्या कारणासाठी. आयुष्याच्या शेवटी वृद्धाश्रमात येऊन पडलेल्या चिनी माणसांना सकाळी थंड दूध आणि सीरियल मिळायचं, आणि ती माणसं न जेवता बसून राहायची. काकांनी वर्षानुवर्षं सिटी हॉलच्या पायऱ्या झिजवून त्यांच्यासाठी वेगळा आश्रम उभा केला होता.

"काय केलं मी?" ते मला म्हणाले होते. "सकाळी पेज मिळाली पाहिजे, एवढंच. दात मी दिले, तर पेज कोण देणार?"

ते पेजच म्हणाले. त्यांची मराठी कानावरून आलेली होती. माझगावात त्यांच्या मामांचं दातांचं दुकान होतं. तिथे कवळ्या घासणारे मिस्त्री कोकणातले, आणि चाळीत शेजारी राहणाऱ्या मावशी साताऱ्याकडच्या. त्यामुळे काकांच्या एका वाक्यात दोन जिल्हे असायचे. "मी" आणि "आम्ही" ते बऱ्याचदा गाळून टाकायचे. ऐकणाऱ्याने ते आपलं आपण लावून घ्यायचं.

माझी मराठी याच्या उलट होती. ठाण्यातल्या माझ्या शाळेत वर्गात मराठी बोललं की फळ्यावर नाव लिहायचे. घरी आईबाबा मराठीत विचारायचे आणि मी इंग्रजीत उत्तर द्यायचे. आठवीत असताना इथे आलो, तेव्हापासून तर तेवढंही विचारणं कमी झालं. मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला बायका माझ्यासमोरच आईला म्हणायच्या, "हिला कळतं का गं मराठी?" आई म्हणायची, "कळतं सगळं, बोलत नाही." खरं तर कळायचंही सगळं नाही. नाही कळलं की मी मान हलवायचे. नीट, विचार केल्यासारखी, थोडी उशिरा. त्यामुळे समोरच्याला वाटायचं, हिला दुसऱ्यांपेक्षा जास्तच कळलंय.

काकांच्या घरी मी आधी दोनतीनदा जाऊन आले होते. रेकॉर्डिंगला गेले त्या दिवशी खूप बर्फ पडून गेलेलं होतं. दारात बूट काढेपर्यंत काकू बाहेर आल्या. काकू म्हणजे काकांच्या पत्नी. त्या कलकत्त्याच्या, त्यांच्या वडिलांचं तिथे चामड्याचं काम होतं. त्या माझ्याशी हिंदीत बोलायच्या आणि मी त्यांना आंटी म्हणायचे. त्यांना ते चालायचं.

"आओ, आओ. तुम्हारा अंकल सुबह से शेविंग करके बैठा है," त्या म्हणाल्या. "मेरे साथ शादी के दिन भी इतना शेविंग नहीं किया था."

"ऐकलंस?" काका आतून ओरडले. "ही माझी अशी इज्जत काढते."

"क्या बोला? क्या बोला मेरे बारे में?" काकूंनी मला विचारलं. "ये आदमी घर में पत्थर के माफिक बैठता है. तुम आती हो तो बकबक, बकबक. मराठी में ऐसा क्या है, मेरे को भी बताओ."

त्या हसत होत्या, पण पूर्ण हसत नव्हत्या. मी माझी नेहमीची मान हलवली.

त्यांची मुलगीही आली होती. ती फार्मासिस्ट, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, इथेच जन्मलेली. तिला फक्त इंग्रजी आणि थोडी हक्का यायची. वडील स्वतःबद्दल काही सांगत नाहीत, निदान या निमित्ताने आपल्याला ऐकायला मिळेल, म्हणून कामावरून लवकर निघून आले, असं तिने मला सांगितलं. ती सोफ्याच्या कडेवर पुढे सरकून बसली होती, शाळेतल्या मुलीसारखी.

मी रेकॉर्डर टेबलावर ठेवला आणि इंग्रजीत सुरुवात केली. जन्म कुठला? शिलाँग. वडील काय करायचे? बुटांचं दुकान. मग? मग मुंबई, मामांकडे. मुंबईला कधी आलात? पासष्टला. तेव्हा ते पंधराएक वर्षांचे असतील, असा मी मनात हिशेब केला. शाळेचं मी विचारलं होतं, तेव्हा त्यांनी अकराबारा वर्षांचे असेपर्यंतच्याच गोष्टी सांगितल्या होत्या.

"आणि मधली वर्षं?" हे मी नाही विचारलं. त्यांच्या मुलीने विचारलं. "डॅड, तू नेहमी असंच करतोस. शिलाँग, आणि एकदम बॉम्बे. मध्ये काय झालं?"

काका हसले. मग माझ्याकडे वळून, तसेच हसत, मराठीत म्हणाले, "ते मशीन बंद कर. आणि चेहरा असा ठेव, जसं मी दातांबद्दल सांगतोय."

मी रेकॉर्डर बंद केला. त्यांनी बाजूच्या शेल्फवरून नमुन्याची एक कवळी उचलली आणि ती हातात धरून, बोटाने एकेक दात दाखवत, ते सांगायला लागले. सांगताना मधूनमधून कवळी उघडायचे, मिटायचे.

"बासष्टला चीनबरोबर लढाई झाली. घरी पोलीस आले. चला म्हणाले, थोडे दिवस. आई भात करत होती, तो चुलीवरच राहिला. सगळे चिनी एका गाडीत घातले. राजस्थानात नेलं. वाटेत स्टेशनावर लोक उभे, शिव्या द्यायला. मला कळेना कोणाला देतायत. शाळेत रोज झेंड्याला सलाम करायचो मी. मी पण खिडकीतून बघायला लागलो, कुठे आहेत ते चिनी."

इथे ते खरंच हसले. त्यांची मुलगीही हसली, ते हसले म्हणून.

"तिथे कॅम्प. काटेरी तार. ऊन. आम्ही डोंगरातले, आम्हाला ऊन माहीतच नाही. धाकटी बहीण होती."

त्यांनी तिचं नाव सांगितलं. ते चिनी नाव नव्हतं. शिलाँगला शेजारी राहणाऱ्या बंगाली बाईंनी लाडाने ठेवलेलं नाव होतं, आणि घरचेही त्याच नावाने हाक मारायचे. मी ते इथे लिहीत नाही.

"पहिलीत जाणार होती. ताप आला. बाहेरच्या दवाखान्यात नेलं. बाबा बरोबर गेले, गेटपर्यंत. गेटच्या पुढे सोडलं नाही." त्यांनी कवळी मिटली. "पुरली नाही."

मी मान हलवली.

"पुरली नाही," ते पुन्हा म्हणाले आणि खालच्या दाढेवर बोट टेकवून मला दाखवलं, जणू कीड कुठे लागते ते सांगत होते.

मग त्यांनी हनुवटीने स्वयंपाकघराकडे खूण केली. आतून कप मांडल्याचे आवाज येत होते. "हिला माहीत नाही. लग्न ठरत होतं तेव्हा मामा म्हणाले, कॅम्पचं नाव काढू नको. कॅम्पवाल्या घरात कलकत्त्याचे लोक मुलगी देत नव्हते. पोलीस परत येतील म्हणून घाबरायचे. मुंबईचा मुलगा आहे, दातांचं दुकान आहे, एवढंच सांग. एवढंच सांगितलं. मग ते तसंच राहिलं. आता सांगितलं तर म्हणेल, पहिल्या दिवसापासून खोटं बोललास."

मला का सांगताय, एवढं तरी विचारायला हवं होतं. त्यांनी न विचारताच उत्तर दिलं.

"तू बोलत नाहीस, म्हणून तुला सांगितलं. आणि मराठीत सांगता येतं. मराठीत माझं कोणी मेलेलं नाही."

त्यांचे डोळे भरले होते. त्याच वेळी काकू चहा घेऊन आल्या. त्यांनी आधी नवऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"अरे, रोता क्यों है?"

"अदरक," काका म्हणाले. "इतना अदरक डालती हो, वास यहाँ तक आता है."

"अदरक तो मैंने डाला ही नहीं," काकू म्हणाल्या.

त्यांच्या मुलीने मला विचारलं, कशाबद्दल बोलत होतात? मी उत्तर द्यायच्या आत काका इंग्रजीत म्हणाले, "टीथ." आणि मी रेकॉर्डर पुन्हा चालू केला.

घरी आल्यावर आई पोळ्या लाटत होती. मी कट्ट्याला टेकून उभी राहिले.

"आई, पुरणे म्हणजे काय?"

"आज काय सूर्य पश्चिमेला उगवला? मराठीचा तास?" आई म्हणाली. "पुरणपोळीतलं पुरण?"

"नाही. पुरली नाही, असं कोणी म्हटलं तर?"

"काय पुरली नाही? भाजी?"

"माणूस."

आईने लाटणं थांबवलं. "मग पुरणं म्हणजे खड्ड्यात पुरणं. मातीत. प्रेत पुरतात, ते. पुरली नाही म्हणजे प्रेत पुरलं नाही. कोणाबद्दल चाललंय हे?"

"कामातलं आहे. दुसरा अर्थ नाही होत? भाजीसारखा?"

"माणूस कसा पुरेल भाजीसारखा?" असं म्हणून ती पुन्हा लाटायला लागली. मग दोन पोळ्या झाल्यावर, तव्याकडे बघतच म्हणाली, "होतो म्हणा. तुझे आजोबा मला पुरले नाहीत, असं मी म्हणेन. इथे आलो आणि ते गेले. पण असं कोणी बोलत नाही गं. लाभले नाहीत म्हणतात."

तेव्हापासून ते दोन शब्द माझ्या डोक्यात बसले. ती आम्हाला पुरली नाही, आमच्या वाट्याला फार थोडी आली. की ती आम्ही पुरली नाही, तिला मातीही आमच्या हातून मिळाली नाही? मराठीत वाक्य एकच होतं. काका "आम्ही" गाळायचे हेच अवघड झालं होतं. ते "आम्ही" लावलं की एक अर्थ, "आम्हाला" लावलं की दुसरा. इंग्रजीत दोन वेगळी वाक्यं करावी लागली असती, आणि त्यांतलं एक कायमचं टाकून द्यावं लागलं असतं.

काकांच्या फोटोखालच्या पॅनेलवर मी जन्म शिलाँग लिहिलं, पुढच्या ओळीत मुंबई लिहिलं. मजकूर तपासायला काका मुलीबरोबर आले होते. मुलीने त्या दोन ओळींमधल्या पांढऱ्या जागेवर बोट ठेवलं आणि उचललं.

प्रदर्शनाच्या उद्घाटनाला गर्दी झाली. काका सूट घालून आपल्याच फोटोखाली उभे होते. त्रिनिदादच्या न्यायाधीश बाई त्यांना म्हणत होत्या, फोटोत तुम्ही जास्त देखणे दिसता, घरी हाच घेऊन जा. मी संधी बघून जवळ गेले. हा एक प्रश्न मी बरेच दिवस मनात घोकला होता.

"काका, त्या दिवशी तुम्ही म्हणालात ना, पुरली..."

त्यांनी टायची गाठ उगाच सरळ केली. मग कोणीतरी त्यांना मेयरबरोबर फोटोसाठी बोलावलं.

"आज नको. नंतर सांगतो," ते म्हणाले. जाताना वळून म्हणाले, "विचारलंस हां. तोंडाने."

नंतर काही झालं नाही. वसंत सुरू होत होता, रस्त्याच्या कडेच्या बर्फाचे काळे ढीग वितळत होते, तेव्हा त्यांच्या मुलीचा लायब्ररीत ईमेल आला. त्यांना मेंदूचा झटका आला, काही दिवस हॉस्पिटलमध्ये होते, आणि गेले. व्हिजिटेशन, म्हणजे अंत्यदर्शन, कुठे आणि कधी, ते खाली लिहिलं होतं.

मी एकटीच गेले. आई येते म्हणाली होती, मीच नको म्हटलं. फ्युनरल होममध्ये आमच्या प्रदर्शनातलाच फोटो लावला होता. खाली उदबत्त्या, संत्री, आणि वाटीत भात. प्रत्येक जण फोटोसमोर तीन वेळा वाकून नमस्कार करायचा, मग बाजूला बसलेल्या घरच्यांना एकदा, आणि घरचे उठून परत वाकायचे. दारात एका बाईंनी माझ्या हातात छोटं पांढरं पाकीट ठेवलं. आत एक गोळी होती आणि एक नाणं. गोळी लगेच खायची, त्या म्हणाल्या, तोंड कडू घेऊन घरी जायचं नाही. आमच्याकडे आजोबा गेल्यावर आल्यागेल्यांनी कडुलिंबाचं पान चावलं होतं, असं मामाने फोनवर सांगितल्याचं मला आठवलं. मी गोळी तोंडात टाकली. ती लिंबाची होती.

मी तीनदा वाकले. घरच्यांना वाकले. मुलगी उठली. काकू उठल्या नाहीत. त्या फोटोकडे थोडी पाठ करून बसल्या होत्या. रडतही नव्हत्या. नवरा गेलेल्या बाईसारख्या न वाटता त्या कोणीतरी चुकून पुढच्या रांगेत बसवलेल्या पाहुण्यासारख्या वाटत होत्या.

मुलगी माझ्या मागोमाग बाहेर पॅसेजमध्ये आली. तिथे कोटांचा स्टँड होता. ती इंग्रजीत, हळू आवाजात बोलली.

"मला तुला काहीतरी विचारायचंय. रागावू नकोस. शेवटचे दिवस डॅड शुद्धीत नव्हते. पण एक नाव घेत होते. सारखं. आई तिथे हात धरून बसली होती, आणि ते दुसऱ्याच कोणाला तरी हाक मारत होते."

तिने ते नाव उच्चारलं. उच्चार थोडा चुकला होता, पण नाव तेच होतं.

"आई म्हणते, हे बंगाली मुलीचं नाव आहे. ती कलकत्त्याची, तिला कळतं. ती म्हणते, हिंदुस्थानात कोणीतरी होती. लग्नाआधी, किंवा नंतर. दर वसंतात आम्ही आमच्या माणसांच्या कबरींना नमस्कार करायला दफनभूमीत जातो तेव्हा ते नेहमी एक वाटी भात लांब झाडाखाली नेऊन ठेवायचे. आम्ही विचारलं तर म्हणायचे, ज्यांना कोणी नाही त्यांच्यासाठी. आता आई तेही त्या बाईला जोडते. ती परवापासून माझ्याशी धड बोललेली नाही. उद्या त्यांना पुरायचं आहे, आणि ती म्हणते मी येणार नाही."

मी स्टँडवरच्या कोटांकडे बघत होते.

"तू त्यांच्या भाषेत बोलायचीस," ती म्हणाली. "तुला काही सांगितलं असेल तर सांग. कोणी बाई असली तरी चालेल. न कळण्यापेक्षा ते बरं. प्लीज."

मी मान हलवली नाही. एवढंच मला जमलं. मी म्हटलं, मला एक मिनिट दे, आणि वॉशरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले.

तू बोलत नाहीस म्हणून तुला सांगितलं, असं ते म्हणाले होते. माझ्याबद्दल आयुष्यभर लोक तक्रार म्हणून जे बोलत आले, त्यावर एका माणसाने विश्वास टाकला होता. आता मी बोलले तर काकूंना हेही कळणार होतं की लग्न ठरताना त्यांच्यापासून सगळं लपवलं होतं. नाही बोलले तर काकू एका सहा वर्षांच्या मुलीला सवत समजून उरलेलं आयुष्य काढणार होत्या. आणि मला स्वतःला तरी काय नीट कळलं होतं? त्यांनी विचारलं असतं, मग ती कुठे आहे, तर मी काय सांगणार होते? तिला पुरलं की नाही, तेसुद्धा मला माहीत नव्हतं. हिंदीत ते कसं म्हणायचं याची मी मनात जुळवाजुळव करायला लागले, आणि प्रत्येक वाक्य एकतर बाजारातलं वाटत होतं, नाहीतर पोलीस रिपोर्टमधलं.

पाणी हातावरून वाहत होतं, आणि मला एकदम हॉस्पिटलमधली ती खोली दिसली, जी मी कधी पाहिलीच नव्हती. काका पडून आहेत, आणि नाव घेतायत. एकदा नाही, दिवसचे दिवस. मोठ्याने, बायकोसमोर, मुलीसमोर. जे माझ्याकडे त्यांनी ठेवायला दिलं होतं, ते शेवटी ते स्वतःच सांगत होते. खोलीत समजणारं कोणी नव्हतं, एवढंच. त्या नावापुढे अर्धं वाक्य राहिलं होतं, आणि ते फक्त माझ्याजवळ होतं.

मी नळ बंद केला. बाहेर त्यांची मुलगी तशीच उभी होती. तिला सांगितलं असतं तर तिने जाऊन आईला सांगितलं असतं, हक्का भाषेत, नीट. ते सोपं होतं. पण मी तिच्या बाजूने पुढे गेले आणि हॉलमध्ये शिरले.

माणसं ओळीत उभी होती. मेयरच्या ऑफिसातून आलेलं कोणी, आश्रमातल्या व्हीलचेअरवरच्या दोन आजी, न्यायाधीश बाई. ओळ मोडून मी पुढे गेले. असं मी आयुष्यात कधी केलं नव्हतं. काकूंच्या शेजारची खुर्ची रिकामी होती, त्यांच्या मुलीची. मी तिथे बसले.

काकूंनी माझ्याकडे बघितलं नाही.

"तुम भी जानती थी," त्या समोर बघत म्हणाल्या. "मैं चाय बना रही थी और तुम दोनों उसी का बात करता था. मेरे घर में बैठ के. हँस हँस के. अदरक बोला मेरे को."

"हाँ," मी म्हणाले.

त्या वळल्या. त्यांचे डोळे कोरडे आणि फार दमलेले होते. "बोलो फिर. कौन है वो? कैसी है? आएगी क्या यहाँ?"

माझ्या तोंडात लिंबाची गोळी अजून होती. ती मी गालात सरकवली. मागे ओळ थांबली होती, लोक बघत होते, ते मला पाठीवर जाणवत होतं. मी त्यांचा हात धरला. थंड होता. घसा साफ केला, आणि हॉलमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, माझ्या मोडक्या हिंदीत म्हणाले:

"वो उनकी बहन थी, आंटी. छोटी बहन. छे साल की थी."